बारा जानेवारीचा फळा

दत्तनगरच्या वळणावर, वाचनालयाच्या पायरीशी
फळा आहे. तारखेखाली सहा ओळी मावतात.
सातवी लिहिली की तिला सायकली टेकतात
आणि ती ओळ कुणाच्या तरी पायजम्यावर बसून
साखरपेठेत निघून जाते.

नरसय्या चिप्पा लिहायचे. गिरणीत टाइमकीपर.
भोंगा कायमचा थांबला तेव्हा
त्यांच्याकडे उरली वेळ,
आणि एक जाड वही, तारखांची.
सकाळी सहाला खडू पाण्यात बुडवत.
ओल्या खडूचं अक्षर आधी दिसत नाही,
वाळत वाळत पांढरं होऊन वर येतं.
शाळेला निघालेल्या आम्ही पोरी तेवढ्यासाठी थांबायचो.

१९०८ : पॅरिसच्या मनोऱ्यावरून दूरवर बिनतारी संदेश.
१९१५ : अमेरिकेत बायकांना मत नाही, सभागृहाचा निर्णय.
१९३१ : येरवडा. सोलापूरचे चौघे फासावर. सोमवार.
१९६७ : अमेरिकेत मेलेल्या प्राध्यापकाला गोठवून ठेवलं, पुढे उठेल म्हणून.
१९७० : बियाफ्रा शरण.

तिसऱ्या ओळीला मात्र कोरडा खडू.
ही लगेच दिसली पाहिजे, म्हणायचे,
वाळायची वाट बघायला लावू नये माणसाला.
सहावी ओळ रिकामी.
का, विचारलं तर घड्याळाकडे बोट:
आत्ता कुठं सात वाजलेत की.

अम्माला मराठी बोलता येई, भांडता तर फारच.
वाचता नाही.
संध्याकाळी तिच्या मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा,
आणि मी फळा पाठ म्हणून दाखवायची.
मताचं ऐकून काहीच बोलली नाही.
चौघांना हात जोडले, तंबाखूच्याच हातांनी.
बियाफ्रा कुठलं गाव?
देश होता, म्हटलं.
होता म्हणजे?
ते मला माहीत नव्हतं. तिने एक कट्टा बांधून बाजूला टाकला.
अडकली ती गोठलेल्यापाशी.
उठल्यावर त्याला वाढणार कोण?
बायको तर तोवर गेलेली असेल.

दोन हजार दहा. मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला,
सकाळचा खडू माझ्याकडे आलेला.
हैतीत जमीन हलली. माणसं किती, आकडा रोज वाढत होता.
नरसय्या खाटेवर, पायांना सूज.
मी वही घेऊन गेले: बारात लिहू की तेरात?
त्यांच्याकडे दुपार कलली होती, बाराच होती.
आपल्याकडे पहाटेचे साडेतीन, त्याला सात मिनिटं कमी.
होम मैदानावर गड्ड्याचा पाळणा थांबलेला,
सगळी पेठ गाढ झोपलेली.
डोळे मिटूनच म्हणाले,
माणसं गेली तिथली तारीख.
आपली झोप ही काही घटना नव्हे.

म्हणून बारात लिहिलं, आणि सहावी ओळ भरली.

नरसय्या गेले ते जूनमध्ये.
त्या दिवशी फळ्यावर काय होतं, मला आठवत नाही.

आज बारा जानेवारी.
एका पोराने गाडी टेकवली, कानातली वायर काढली,
ताई, माझ्या मोबाईलमध्ये बेचाळीस आहेत,
तुमच्यात सहाच?
पाच करायच्यात, म्हटलं. एक पुसायचीय.
कुठली?
ओलं फडकं हातात घेऊन तेच बघत होते.

अम्मा दुधाची पिशवी घेऊन मागे उभी.
आता दिसतही कमी. ओळी मोजते, बोट हवेत धरून.
चौथीपाशी बोट थांबलं.
त्याला राहू दे ग,
अजून उठायचाय तो.

मी मनोरा पुसला.
बाकीच्या एकेक ओळ वर घेतल्या.
खालची जागा अजून ओली आहे.