विझला का

भुईनळ्याला आम्ही अनारच म्हणतो.
लष्करात पाच पिढ्या गेल्या आमच्या,
दारूकामाचे शब्द इथलेच घेतले:
अनार, चकरी, सुतली-बम.

तो अनार पेटला नाही.
जनकगंजच्या गल्लीत, भदौरियांच्या पायरीसमोर
वात सुरसुरली आणि गप्प झाली.
मी गच्चीवरून म्हणाले,
"हेरंब, बघ रे, विझला का?"
पाच शब्द.

तो वाकला. नऊ वर्षांचा होता,
वाकून बघणं हाच त्याचा धंदा:
मुंग्यांचं वारूळ, गटारातला चेंडू,
पोस्टमनची पिशवी.

जयारोग्यात रात्रभर
एक शिकाऊ डॉक्टर सुईनं त्याच्या गालातले
बारूदचे कण वेचत बसला.
शेजारच्या खाटांवर आणखी चौघं.
एकाच्या मुठीत अजून फुलबाजीची तार.
पहाटे म्हणाला, "बाकीचे राहू द्या.
निळे दिसतील, दुखणार नाहीत."
उजव्या डोळ्याबद्दल काही बोलला नाही.
बाबा खाली पान खायला गेले.
बाबा पान खात नसत.

दोन दिवसांनी भाऊबीज, वॉर्डातच.
सिस्टरनं आमच्याकडे पाठ केली, दोन मिनिटांपुरती.
पट्ट्यांतून एक नाकपुडी, अर्धे ओठ.
मी निरांजन उचललं
आणि तो उशीसकट मागे सरकला.

तेव्हापासून मी खालीच ओवाळते,
शर्टाच्या दुसऱ्या गुंडीपाशी.
एकतीस वर्षं.
आईनं विचारलं नाही कधी. त्यानंही नाही.
त्याच्या बायकोला वाटतं,
ग्वाल्हेरकडची रीत असेल.

यंदा त्याच्या मुलीनं अनार मागितला.
तो तिला घेऊन खाली गेला,
लांब काठीला उदबत्ती बांधून,
आणि पेटेपर्यंत तिचा खांदा
त्यानं सोडला नाही.
मग वर येऊन पाटावर बसला.
मी तबक नेहमीच्या उंचीवर फिरवू लागले
तर माझं मनगट धरून म्हणाला,
"ताई, वर."

वर नेलं.
गालावरचे निळे ठिपके उजळत गेले.
इतक्या जवळून कधी मोजले नव्हते. सतरा.
डाव्या डोळ्यात ज्योत हलत होती,
माझाच हात हलत होता म्हणून.
काचेच्या डोळ्यातही हलली,
तितकीच, तशीच.

"नव्हता विझला," तो म्हणाला,
आणि तबकात नोट टाकली,
दरवर्षीसारखी चुरगळलेली.