डिचोलीत अकोल्याचा कूलर

कांद्याच्या ट्रकमधून आला तो, दोन दिवस, दोन रात्री,
निळ्या पत्र्याचा, एका कोपऱ्यात चेपलेला.
बाबांनी ताजनापेठेत वेल्डिंग करून घेतला होता
मी दहावीत होतो त्या उन्हाळ्यात.
पारा सत्तेचाळीसवर, आणि मी त्याच्यासमोर
अंगावर चादर ओढून प्रमेयं पाठ करत बसलेलो.

इथं खिडकीत बसवला. वाळ्याचे ताटे झटकले.
अकोल्याची धूळ पडली लाल कोब्यावर,
ती मी लगेच पुसली नाही.
चार बादल्या पाणी. बटण.
मोटर खाकरली, मग लागला तोच जुना सूर.

आणि काही नाही.
म्हणजे वारा होता, वाळ्याचा वासही होता,
गारवा तेवढा नव्हता.
तासाभरात वहीची पानं वाकली, मिठाला पाणी सुटलं,
काडेपेटीतली एक काडी पेटेना,
आणि गादी अशी, जणू कुणी तिच्यावर रडून गेलंय.

घरमालकीण उमावतीबाय दारात उभी,
कोपरापर्यंत चिकणमाती.
"हांगा वारोच भिजिल्लो आसा, पुता.
ताका आनीक उदक कित्याक दिता?"

बाबांना फोन केला.
तीस वर्षं ते वेधशाळेत दोन तापमापक वाचत आले.
एक कोरडा,
दुसऱ्याच्या गळ्याला ओली मलमल.
"दोघांत फरक किती रे तिकडं?" त्यांनी विचारलं,
जेवलास का विचारावं तसं.
मी जुन्या बनियनची चिंधी गुंडाळून मोजलं. तीन.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
"आमच्याकडं आज एकोणीस. तिनात काय होते, राजा?
बंद कर."

बंद केला. त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागलो.

उमावतीबाय चाकावर गुर्गुलेत घडवते,
बारीक मानेची, पोटाला गोल.
किनाऱ्यावरचा दुकानदार न्यायला येतो,
त्याच्यासाठी ती तैलरंगात मासे काढते त्यांवर.
रंगवलेलीला घाम फुटत नाही.
ती सोबेची, म्हणते, पिवपाची न्हय.
मला तिनं एक बिनरंगाची दिली.
सकाळी तिच्याखाली बशीत ओलं वर्तुळ.
आतलं पाणी फार गार नाही,
पण ओठांना कळतं
की रात्रभरात यातून थोडं कुणीतरी निघून गेलंय
आणि जाताना ऊब घेऊन गेलंय.

मग फेब्रुवारीत एका दुपारी
घाटाकडून वारा सुटला.
काजूचा मोहोर करकरीत, दोरीवरची लुंगी
अर्ध्या तासात पापडासारखी,
माझा खालचा ओठ फुटला, आणि मला इतका आनंद झाला
की मी इस्त्रीचे कपडे कॉटवर भिरकावले,
चार बादल्या ओतल्या, बटण दाबलं.

आला. तोच.
कानशिलामागून मानेवर, मानेवरून पाठीत,
दहावीतली दुपार अख्खी.
घाईघाईत मोजलं, नऊ!
उमावतीबायला हाक मारायला अंगणात धावलो.

ती ओणवी होती.
आवा लावायच्या रांगेतली कच्ची मडकी
एकेक करून तडकत होती,
अगदी बारीक आवाज, चण्याचं टरफल फुटावं तसा.
ह्याच वाऱ्यानं.
"गोणपाटां हाड," एवढंच म्हणाली.

मी पोती भिजवली, पिळली, पांघरली.
विहीर, बादली, पोतं, पुन्हा विहीर.
पोती सुकत होती, आम्ही भिजवत होतो,
बोटं कोळून गेली गारठ्यानं
भर दुपारी अडीच वाजता.
बावीस मडकी गेली. बाकीची राहिली.
रिकाम्या खोलीत कूलर चालूच होता,
पाणी संपेपर्यंत.

रात्री फोनवर सांगितलं, नऊ होता फरक.
"नऊ?" बाबांचा आवाज चढला.
"मग चादर घेऊन झोप."
हो म्हणालो.
तोवर वारा फिरला होता,
मीठ पुन्हा ओलं होत होतं डब्यात.