सव्वाशे टन

दोहा ते ऑकलंड साडेचौदा हजार किलोमीटर,
असं आतल्या पडद्यावर येतं.
मला पडदा लागत नाही.
मी अंतर टनांत मोजतो:
मुंबईला जेमतेम पंधरा,
लंडनला साठ,
आणि तिथे, पृथ्वीच्या पार त्या टोकाला,
सव्वाशे.

रात्री एक वाजता पंखाखाली
नळी जोडून उभा राहतो.
मुठीत एक कळ असते, डेडमॅन म्हणतात तिला.
दर दोन मिनिटांनी सोडायची, पुन्हा दाबायची;
नाही दाबली तर यंत्र समजतं
माणूस खलास,
आणि धार थांबते.
बावीस वर्षं मी असा
दर दोन मिनिटांनी जिवंत असल्याचं कळवतोय.

गेल्या गुरुवारी त्या विमानात सुमैया होती.
बाणकोटहून पहाटे निघालेली,
मंडणगडपर्यंत रिक्षा, पुढे एसटी,
मुंबई गाठायलाच सात तास.
(समुद्र ओलांडायला साडेतीन पुरतात.)
इथे थांबा दोन तास चाळीस मिनिटं.
ती काचेच्या आत, मी बाहेर,
मधे ऐंशी मीटर
आणि माझ्या बिल्ल्यावर नसलेला एक शिक्का.
मोबाइल लॉकरमध्ये. तेलापाशी चालत नाही.
आधीच सांगून ठेवलं होतं:
खिडकीशी उभी राहा, मी हात करीन.

उजवा हात कळीवर.
डाव्यात मीटरची चिठ्ठी.
तीच वर केली.
वर काचेत आठ-दहा सावल्या,
एकीने हात हलवला.
ऑगस्टची दमट रात्र, चष्म्यावर घामाचं धुकं,
तरी मी ओळखलं.
तिची आई अशीच मनगटातून हलवते,
पीठ झटकल्यासारखं.
मी चिठ्ठी फडकवत राहिलो, पार
आकडे पुसट होईपर्यंत.

सकाळी लॉकर उघडला.
“अब्बा, सॉरी, टॉयलेटच्या रांगेत अडकले,
मग एकदम बोर्डिंग. तुम्ही होतात ना खाली?”

होतो.
ती काचेतली कोण, अल्ला जाणे.
कुणाची तरी असेलच.

रात्री दुसरा निरोप: पोचले.
अम्मीच्या फणसाच्या आठळ्या कस्टमवाल्याने काढून घेतल्या,
बुटांचे तळ उलटे करून पाहिले,
लाल माती दिसली तर धुवून आणायला लावले.
म्हणजे माती साडेचौदा हजार किलोमीटर गेली
आणि शेवटच्या वीस पावलांवर अडली.

जाताना वारा पाठीशी, सोळा तास.
येताना तोंडावर, साडेसतरा.
अंतर तेच.
परतीचं तेल मी भरत नाही,
तिकडचा कुणी भरतो.
त्याचं नाव मला ठाऊक नाही,
भाषा नाही, जात नाही.
मुठीत तीच कळ असेल एवढं नक्की.
दाबत राहा रे, बाबा.