बाजू बी

सहाव्या सेक्टरातल्या निमेशने भरून दिलेली
साठ मिनिटांची कॅसेट.
अल्बम त्रेसष्ट मिनिटांचा.

म्हणून शेवटचं गाणं अर्ध्यातच तुटायचं:
गायक टिपेला,
दोन्ही पायांचे ड्रम घोड्यांसारखे उधळलेले,
ड्रॅगनवर तलवार उगारलेली
आणि खट्.

कोपरखैरण्यात अकरा वर्षं
तो ड्रॅगन जिवंत होता.

मग वाशीच्या दुकानात सीडी मिळाली.
उरलेली तीन मिनिटं ऐकली.
मरतो तो. कोरस तीनदा,
तिसऱ्यांदा पट्टी चढते, शेवटी घंटा.
छान आहे, खोटं कशाला बोलू.

‘या वयात कसले ड्रॅगन?’ बायको विचारते.
रबाळ्याला बॉयलर सांभाळतो मी,
आग मला नवी नाही.

आजही रात्रपाळीहून येताना
हेडफोनमध्ये तलवार वर जाते
आणि बोट आपोआप
बटणावर.