किटलीतला शिरका

युन्शी, खिडकीच्या काचा परवा पुसल्यास
वर्तमानपत्राच्या बोळ्याने,
पांढरं व्हिनेगर अन् पाणी निम्मंनिम्मं,
ते बरोबर होतं.
समोरच्या इमारतीतली बाई आता
कुंडीतल्या कांद्याच्या पातीसकट दिसते.
तिलाही आपण दिसत असू, पण ते जाऊ दे.

समुद्राकाठची पोर तू, आठवड्यातून चारदा मासा.
विळीपाटाचा वास त्यानेच जातो हे तुला पटलं.
दारात मुंग्यांच्या वाटेवर एक ओली रेघ ओढलीस,
त्या थबकल्या, कुणी पत्ता खोडल्यासारख्या.
झिगांगच्या शर्टांच्या बगला उजळल्या.
हे सगळं तुला मीच शिकवलं,
म्हणजे चूक कुठून सुरू झाली ते उघड आहे.

आमच्या चिंगशूचं पाणी जड.
महिनाभरात किटली आतून पांढरी,
हलवली की चुन्याच्या खपल्या खुळखुळतात.
तू म्हणालीस, आई, राहू द्या, मी करते.

ओट्याखाली दोन भांडी होती.
एक प्लॅस्टिकची बाटली, चार युआनची.
दुसरा काळा बुधला, तोंडाला लाल फडकं.
फडकं कशाला, हे तू विचारलं नाहीस
आणि मी सांगितलं नव्हतं.

झिगांग झाला त्या वर्षीची ज्वारी ती.
मी कारखान्यात होते, वाफेच्या खोलीत,
ओल्या बाळंतिणीने येऊ नये तिथे अठराव्या दिवशी आले
आणि माझ्या वाट्याचा रांजण घरी नेला.
उन्हाळ्यात तोंड उघडं ठेवायचं,
हिवाळ्यात वर बर्फ धरला की उचलून फेकायचा.
पाणी जातं, आंबट राहतं.
एकोणतीस बर्फ काढले या हातांनी.
रांजणाचा बुधला झाला.
कशासाठी राखला होता, आता मलाही नीट सांगता येत नाही.
काहीतरी व्हायचं होतं, मग उघडणार होते.

तो तू किटलीत ओतलास.
उकळलास.

मी जिन्यात होते, हातात पिशवी, पिशवीत मुळे.
तिसऱ्या मजल्यावरच कळलं.
पोटात दुधाची कळ आली,
एकोणतीस वर्षांनी, लाज वाटावी अशी.
वर आले तर तू किटली उलटी धरून उभी,
बघा, आरसाच!
होता खरा.
त्यात माझं तोंड, लांबट, वाकडं.

जळणाऱ्या बाईला आमच्याकडे म्हणतात, शिरका प्यायली.
तुमच्या लग्नापासून गल्लीत माझ्याविषयी हेच चाललंय.
मी ऐकायचे आणि मुळे निवडायचे.

तीन दिवस मी बोलले नाही.
दुसऱ्या रात्री झिगांगने तुला सांगितलं असावं;
भिंत पातळ आहे, तू रडलेली कळलं.
तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी प्यायला उठले
तर तू ओट्याशी, दिवा न लावता,
नव्या बाटलीवरची किमतीची चिठ्ठी
पांढऱ्या व्हिनेगरात बोळा बुडवून घासत होतीस.
सहा वर्षांचा शिरका, सोनेरी रिबीन, भेट द्यायचा.
डिंक सुटत नव्हता.
थोडा वेळ बोळा तसाच दाबून ठेव, मी म्हणाले.
तेवढंच.
ठेवलास. चिठ्ठी आपोआप वळली.
किंमत मला दिसली. महागात पडलीस, पोरी.

किटलीतल्या चहाला अजून वास आहे.
झिगांग म्हणतो, पाणी दोनदा उकळून फेकून द्या.
मी काल दोन कप प्यायले, आज तीन.
गल्लीला काय म्हणायचं ते म्हणू दे.

आणि हो, तो राहिलाच मुद्दा:
न्हाणीघर घासताना व्हिनेगर अन् ब्लीच
एका बादलीत कधी ओतू नकोस.
दोन्ही चांगली. आपापल्या जागी.
एकत्र आली की घरच्यांना खोकत जिना गाठावा लागतो.
आधी एक. मग भरपूर पाणी.
दुसरं दुसऱ्या दिवशी.

आज तू घासणार ना?
मी खाली जाऊन येते.