तिसरा पडदा

लॅपटॉपला एचडीएमआयची खाच एकच,
आणि मला हवे होते तीन पडदे.

एक माझा.
एक सातबारा, स्कॅन, याद्या उघड्या ठेवायला.
आणि एक समोर बसणाऱ्यांचा,
कारण सात वर्षं ते माझ्या लॅपटॉपची पाठ बघत बसले:
करडी पाठ, अर्धा सोललेला स्टिकर,
आणि त्याच्या वर माझे डोळे.
काम झालं की नाही
ते माझ्या डोळ्यांवरून ओळखायचे.

पोळ्यानंतर शाळेने संगणक खोली मोडीत काढली.
दोन मॉनिटर मी आणले सायकलवर, चादरीत गुंडाळून,
भाताच्या धुऱ्याने, एका खेपेला एक.
निळ्या तोंडाचे, पंधरा टाचण्यांचे.
माझ्या खाचेशी त्यांची सोयरीक जमेना.
मधे एक ठोकळा घातला तेव्हा एक लागला.
दुसऱ्याला दारच नाही.

ब्रह्मपुरीच्या दुकानदाराने स्प्लिटर दिला.
“एकाचे दोन होतात, मॅडम.”
झाले खरे.
पण दोन्हींवर तेच. इकडे खोडलं की तिकडेही खोडलेलं.
परत नेऊन दिला. म्हटलं,
मला जागा पाहिजे भाऊ, झेरॉक्स माझ्याकडे आहे.

मग ती चपटी खाच, टाइप-सी.
खोचलं. चार्जिंगचा दिवा लागला,
चित्र नाही.
दारं सगळी सारखी दिसतात,
कुठल्यातून नुसती वीज येते आणि कुठल्यातून चित्र जातं
हे खोक्यावर कोणी लिहीत नाही.

शेवटी यूएसबीला लागणारी काळी डबी आली,
नागपूरहून, कंडक्टरच्या हाती.
तिचा ड्रायव्हर उतरवायला नेट
फक्त पंचायतीच्या पायरीवर.
एकसष्ट टक्क्यांवर टॉवर गेला.
पुन्हा पहिल्यापासून.
पायरीवरची शेळी माझ्याइतकीच कंटाळली.

आणि मग तिन्ही उजळले.

आता गंमत अशी,
की तिसऱ्याचं तोंड त्यांच्याकडे.
बाण माझ्या उजव्या काठावरून निसटला
की मला दिसायचाच नाही.
मग बाकावरून आवाज,
“वर घे, वर. आता इकडे. जास्त गेला, वापस ये.”
बायजा गुरनुलेच्या नातीने
आजीच्या आडनावातला गळालेला ‘नु’
छापण्याआधी पकडला. सात वर्षांत पहिल्यांदा.
मी दोघींना चहा पाजला.

लटारी कोहपरे आले त्या सोमवारी.
दंडारीत चाळीस वर्षं बाईची सोंगं केलेला माणूस,
कलावंतांच्या मानधनाचा अर्ज.
मी माझ्या पडद्यावर हरवलेला बाण शोधत होते,
पान उघडलं ते थेट त्यांच्यासमोर.

आधी मला तीन श्वास मिळायचे.
चष्मा काढायचा, पुसायचा,
पाणी प्यायचं, मग म्हणायचं,
“काका, एक कागद जरा कमी पडतोय.”
त्या तीन श्वासांवर मी सात वर्षं धंदा केला.

“पोरी,” ते म्हणाले, “लाल अकशरं म्हंजे नाई ना?”

मी उठले. टेबलाला वळसा घातला.
त्या बाजूने माझी खुर्ची किती उंच दिसते
ते तेव्हाच कळलं.

“बरा झाला दिसला,” ते म्हणाले.
“तुहे डोरे खोटे बोलत, मले मालूम होता.
मी पन नटच हाओ.”

खाली बारीक अक्षरात कारण होतं,
वयाचा दाखला अस्पष्ट.
दोघांनी मिळून वाचलं, त्यांनी बोट ठेवून.
पुन्हा स्कॅन लावला.
तोवर त्यांचा हात त्या काळ्या डबीवर गेला आणि मागे आला.
“हे काऊन एवढी तपली?”
“एका अंगात दुसरं सोंग आणते जी.”

हसले. पुढचा एकच दात.
“मंग वारा घाल ना तिले,” म्हणाले,
आणि नामंजूर अर्जाची फाइल उचलून
स्वतःच घालू लागले.