वय सात ते चौदा

तुर्भ्याच्या भंगारात ती बेचाळीस किलो भरली,
गाडी म्हणून नाही, पत्रा म्हणून.
इंजिन कधीच गेलेलं, एक दिवा फुटका,
स्टिअरिंग भाकरीएवढं.
काट्यावरून उतरवताना मीच तिला म्हणालो, सांभाळून.

आता उथळसरच्या गाळ्यात, शटर अर्धं ओढून,
रोज रात्री ओल्या पॉलिश पेपरनं घासत बसतो.
वरचा निळा घाईतला, ब्रशचे केस अजून अडकलेत त्यात.
खाली पिवळा, आणि पिवळ्यावर 'एक फेरी चार आणे'.
म्हणजे जत्रेतही राबली ही.
त्याखाली मरून: नौपाड्याच्या डॉक्टर टिपणिसांची तीन पोरं,
एकामागून एक हिच्यात बसली,
आणि गुडघे डॅशबोर्डला लागले तशी उतरली.
तळाला हिरवा. पितळी पट्टी.
'इनास परेरा, चरई, ठाणे. चालकाचे वय सात ते चौदा.'
साल घासलं गेलंय.

पंपाचं इंजिन बसवलं होतं म्हणे,
बैलगाडीहून जोरात, टांग्याहून हळू.

हे सांगितलं फिलूमावशीनं. इनासची धाकटी.
अजून चरईतच, चर्चमागे, कानानं अधू.
"बापाला माप पायजे होतं," म्हणाली,
"ब्रेकपर्यंत पाय पोचतो का, दाबता येतो का.
ते पाय माजे."
रात्री, दिवे गेल्यावर, मासुंदा तलावाला तीन चकरा.
बाप मागून धावायचा, हातात कंदील, तोंडात शिव्या.
"आणि डॉक्टर घ्यायला आले तवा मला आत पाठवलं.
पोरीनं चालवलीय कळलं तर भाव पडेल म्हणून."

मी परत येऊन आधी ब्रेक पाहिला.
पायटीवर सागाचा एक ठोकळा, दोन खिळ्यांनी ठोकलेला,
मधोमध झिजून खोलगट.
टिपणिसांची पोरं, जत्रेतली पोरं,
सगळी थांबली ती याच्यावर पाय देऊन.

ठोकळ्याला पेपर लावला नाही.

रविवारी टेम्पोत घालून गाडी चरईत नेली.
मावशी पायरीवरच बसून राहिली. बराच वेळ.
मग विचारलं, "रिव्हर्स टाकलास काय?"
नाही मावशी, मुळातच नव्हता.
"ठाऊक हाय," ती म्हणाली,
"गल्ली संपली की खाली उतरायचं,
मागून उचलायची, नि फिरवायची."
आणि काठी भिंतीला टेकवून
पदर खोचू लागली.